करुणाआत्याची यादी

करुणाआत्याला माती देऊन त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सांगलीहून साताऱ्याला परत आलो, हातपाय धुतले आणि रोजच्यासारखे प्रार्थनेला बसलो. पप्पांनी एकेकाचं नाव घेतलं. आईचं, माझं, पुण्याच्या काका-काकूंचं. मग म्हणाले, "आणि हे प्रभू, दुःखी कुटुंबाचं सांत्वन कर." कोणतं कुटुंब, कशाचं दुःख, काही नाही. ज्या बहिणीच्या पेटीवर त्यांनी दुपारी मूठभर माती टाकली होती, तिचं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही.

आम्ही प्रोटेस्टंट. आमच्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेला की तो देवाच्या हातात, मागं राहिलेल्यांनी त्यात लुडबूड करू नये, असं मी लहानपणापासून ऐकत आले. ते मला पटायचं, अजूनही बरंचसं पटतं. पण आत्या जिवंत होती तेव्हाही तिचं नाव आमच्या प्रार्थनेत नव्हतं. जिवंत असताना ती कॅथलिक झाली म्हणून नाव घ्यायचं नाही, आणि आता ती मेली म्हणून घ्यायचं नाही. आमच्या घरात तिच्या वाट्याला एकही दिवस आला नाही. आमेन म्हणताना मी दात आवळून धरले होते. मी सहसा बोलत नाही, म्हणून लिहिते आहे.

आत्या एसटीत कंडक्टर होती, सांगली डेपोला. करुणा हे नाव आजोबांनी ठेवलेलं. आजोबा साताऱ्यातल्या आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक, लोक त्यांना पाद्रीसाहेब म्हणत. नाव ठेवताना त्यांनी बाळाचा आवाज ऐकला नसावा. कडेगावच्या स्टँडवर ती "कराड, उंब्रज, सातारा" अशी हाक द्यायची तेव्हा कँटीनमधली माणसं हातातली बशी खाली ठेवायची. आजोबांच्या घरातली बायबलसारखी स्वच्छ मराठी तिनं नोकरीच्या पहिल्याच वर्षी डेपोत टाकून दिली होती. खाकीची इस्त्री मात्र मोडू द्यायची नाही. भाकरी उभ्यानंच खायची. सुट्टीच्या दिवशीही तिला बसून जेवताना मी फार कमी पाहिलं.

दारात घुटमळणारी माणसं तिला खपत नसत. "पुढं सरका, आत जागा हाय" हे तिचं वाक्य एसटीपुरतं नव्हतं. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, सगळीकडे ती तेच म्हणायची. एकदा तिच्या चर्चमध्ये प्रसाद घ्यायच्या रांगेत एक म्हातारी बाई वेदीपाशी अडखळून थांबली. आत्या मागून म्हणाली, "पुढं सरका मावशी, आत जागा हाय." फादरांचा हात तसाच वर राहिला आणि त्यांना हसू आवरेना.

लग्न तिनं स्वतः ठरवलं. डेपोच्या वर्कशॉपमधले पास्कलमामा, कॅथलिक, कमी बोलणारे आणि वर्कशॉपच्या आवाजानं कमी ऐकणारे. त्यांच्यात काय पाहिलंस, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "ह्यांनी ब्रेक बघितलेली गाडी कवा दगा द्यायची न्हाई. आजून काय बघायचं?" लग्न कॅथलिक चर्चमध्ये झालं आणि ती त्यांच्या चर्चची झाली. आमच्याकडे याला 'रोमन झाली' म्हणतात, आणि ते म्हणताना आवाज आपोआप खाली जातो. आजोबा लग्नाला गेले नाहीत. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी मुलांची नावं घेतली आणि तिचं गाळलं. त्यानंतर ते अठरा वर्षं जगले, रोज प्रार्थना केली आणि रोज गाळलं. ते गेल्यावर यादी पप्पांकडे आली. पप्पांनी ती जशीच्या तशी चालू ठेवली.

मला तेव्हा ती फक्त अल्बममधल्या फोटोवरून ठाऊक होती. आठ-नऊ वर्षांची असताना एकदा प्रार्थनेच्या मध्येच मी म्हणाले, "करुणाआत्या राहिली." आईनं मला चिमटा काढला. पप्पा क्षणभर थांबले, आणि जिथं थांबले तिथूनच पुढं गेले.

एवढं सगळं असून मला घातलं ते कॉन्व्हेंटमध्ये. कॅथलिक सिस्टरांची शाळा, इंग्रजी उत्तम. सकाळच्या प्रार्थना मला इंग्रजीत पाठ झाल्या, मृतांसाठीचीसुद्धा. पप्पांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सिस्टर चालत होत्या. त्यांच्याच चर्चमध्ये गुडघे टेकणारी सख्खी बहीण चालत नव्हती. हे मला फार उशिरा दिसलं, आणि दिसल्यापासून माझा राग गेलेला नाही.

कॉलेजला मी सांगलीत हॉस्टेलवर राहिले. पहिल्याच महिन्यात आत्या हॉस्टेलच्या फाटकावर येऊन उभी राहिली, खाकीत. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "दादाचं नाक घेतलंयस. बाकी बरी हायस. रईवारी जेवायला यायचं." मी जाऊ लागले. घरी सांगितलं नाही.

तिच्या स्वयंपाकघरात आजोबांचा फोटो होता. मंडळीच्या कुठल्याशा जुन्या ग्रुप फोटोतून कात्रीनं कापून काढलेला, शेजारच्या माणसाचा खांदा सोबत आलेला. चहा उकळत असताना ती रोज त्या फोटोशी भांडायची. ही पूजा नव्हती, मनधरणीही नव्हती. चक्क भांडण. "झालं का समाधान? तुमच्या लेकाच्या पोरीला चोरून यावं लागतंय माझ्याकडं. बायबल वाचून वाचून हेच शिकवलंत व्हय?" पास्कलमामा पलीकडे बसून पेपर वाचत. त्यांना ऐकू येत नसे, की येत असे, कोण जाणे. भांडण संपलं की ती कपाळापासून छातीपर्यंत क्रूस करायची, "ह्यांना शांती दे" म्हणायची आणि चहा गाळायची. हे सगळं एका दमात.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याच गाडीनं साताऱ्याला निघाले. पलूसला एक म्हातारा चढला आणि तिथपासून कडेगावपर्यंत तो आत्याला शिव्या देत होता, कारण वाटेत ठेवलेलं त्याचं पोतं तिनं सीटखाली ढकलायला लावलं होतं. बाईमाणसाला खाकी घातली की असंच व्हायचं, तिच्या नवऱ्याला घरी भाकरी मिळत नसणार, असं बरंच काही. आत्या तिकिटं फाडत राहिली. कडेगावला गाडी दहा मिनिटं थांबली. निघताना ती पायरीवर उभी राहून बोटानं डोकी मोजू लागली आणि एक कमी भरलं. तोच म्हातारा.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, चला, लेट हाय. ब्याद टळली." दोन-तीन प्रवाशांनीही माना डोलावल्या. आत्यानं घंटीची दोरी हातात धरली होती, पण ओढली नाही. बऱ्याच वेळानं म्हातारा मुतारीच्या बाजूनं धोतर सावरत आला आणि गाडी त्याला टाकून निघालीच होती असं समजून लांबूनच पुन्हा सुरू झाला. आत्या म्हणाली, "शिव्या आत बसून द्या. आधी चढा." मग डबल बेल दिली.

कराडच्या आधी गाडी जरा रिकामी झाली तेव्हा ती माझ्या शेजारी टेकली. मी विचारलं, आजोबांचा एवढा राग आहे तर त्यांच्यासाठी प्रार्थना कशाला करतेस? ती खिडकीबाहेरच्या उसाकडे पाहत होती.

"त्यांनी माझं नाव गाळलं," ती म्हणाली. "मी त्यांचं गाळणार न्हाई."

"म्हणजे माफ केलंस?"

"कशाचं माफ? रोज भांडतीय की. पण म्हाताऱ्याला सोडून गाडी काढायची न्हाई. आपल्याला शिव्या दिल्या म्हणून तर अजिबात न्हाई."

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. त्यांच्या चर्चमध्ये नोव्हेंबर हा मेलेल्यांचा महिना. दोन तारखेला संध्याकाळी मिस्सा, म्हणजे त्यांची मोठी उपासना, असते, आणि घराघरातून आलेल्या चिठ्ठ्यांवरची नावं वेदीपुढं मोठ्यानं वाचतात. दरवर्षी ती चिठ्ठीवर पहिलं नाव आजोबांचं लिहायची आणि दरवर्षी यादी करणारे गृहस्थ ते खोडायचे. बाहेरच्यांची नावं घेतली तर यादी संपायची कधी, असं म्हणायचे. या वर्षी नवे फादर आले होते, दुसऱ्या राज्यातले, मराठी जेमतेम. ते म्हणाले, दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती माणसासाठी प्रार्थना करायला आपल्या चर्चची काही मनाई नाही, मिस्सासुद्धा देता येते. फक्त नाव चारचौघांत वाचायचं तर त्यांच्या घरच्यांचं मन दुखवू नये. भावाची हरकत नाही ना, तेवढं बघा.

"दादाला फोन केलता," आत्या म्हणाली. "त्यानं हो म्हणायची पण गरज न्हाई. गप बसला तरी नाव वाचत्यात." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो गप बसंल नव्हं?"

पप्पा गप्प बसले नाहीत. मी घरी पोहोचले त्याच संध्याकाळी त्यांनी मला टेबलाशी बोलावलं. आजोबांचं नाव वाचू नये असं पत्र फादरांना लिहायचं होतं, आणि फादरांचं मराठी जेमतेम म्हणून इंग्रजीत. मी म्हणाले, राहू दे ना पप्पा. तेव्हा ते माझ्यावर चिडले नाहीत, तेच वाईट झालं. शांतपणे म्हणाले, "आजोबा शेवटच्या आजारात मला सांगून गेलेत, माझ्यामागं कुणी मेणबत्ती लावू नका, माझ्यासाठी कुणाला काही मागू देऊ नका. त्यांनी चाळीस वर्षं हेच शिकवलं. मी त्यांचा शब्द मोडू?"

मी कागद पुढं ओढला. त्यांनी मराठीत सांगितलं आणि मी इंग्रजीत लिहिलं. लिहिलं एवढंच नाही, चांगलं लिहिलं. 'अनादर' या शब्दासाठी त्यातल्या त्यात मऊ पण ठाम शब्द शोधला. एका वाक्याची जागा बदलली. त्याच्या आदल्या रविवारी मी आत्याच्या हातची सुकटीची चटणी खाऊन आले होते. इंग्रजीत राग फार सभ्य दिसतो. पप्पांनी वाचून घेतलं, सही केली आणि म्हणाले, शाळेचं सार्थक झालं.

कॉलेजचं काहीतरी कारण सांगून मी दोन तारखेला सांगलीला गेले आणि आत्याच्या शेजारी बाकावर बसले. तिला पत्राबद्दल सांगावं असं बसस्टँडपासून चर्चपर्यंत ठरवत होते. सांगितलं नाही. ती कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत होती आणि ओठ घट्ट मिटून एकेक नाव ऐकत होती, डोकी मोजावीत तशी. नावं लांबत गेली. पास्कलमामांचे आईवडील आले, भाऊ आला. मग फादरांनी कागदाची घडी घातली.

आत्या उभी राहिली. "एक राहिलं," ती म्हणाली.

फादरांनी मान हलवली, नको म्हणून. यादीवाले गृहस्थ पहिल्या बाकावरून मागं वळून हातानं बसा, बसा करत होते. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिनं स्टँडवरचा आवाज काढला.

"पाळक यशवंत शमुवेल. सातारा."

प्रत्येक नावानंतर लोक 'प्रभो, त्यांना शांती दे' म्हणत होते. या नावानंतर कुणी बोललं नाही. मग शेजारून एकच आवाज आला, जरा उशिरा, ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा असतो तसा बेताल मोठा. पास्कलमामा. मला ते उत्तर दोन भाषांत पाठ होतं. मी पायांकडे पाहत बसले.

बाहेर फादरांनी तिला बाजूला घेतलं. भावाचं पत्र आलं आहे, माझा नाइलाज होता, असं ते सांगत होते. त्यांनी कागद काढून तिला वाचून दाखवला, मोडक्या मराठीत अर्थ सांगत. मी फाटकाजवळ उभी होते. आत्या परत आली आणि मला म्हणाली, "चल, भूक लागली असंल." मला वाढलं, स्वतः उभ्यानं खाल्लं. पप्पांनी त्यानंतर तिचा फोन घेणं बंद केलं. पुढच्या नोव्हेंबरांत यादीवाल्यांनी तिची चिठ्ठीच घेतली नाही, म्हणून ती दरवर्षी चिठ्ठी लिहून तिकिटांच्या चामडी पिशवीत ठेवू लागली.

मी कबूल केलं ते चार वर्षांनी, म्हणजे या वर्षीच्या मे महिन्यात, साताऱ्याच्या स्टँडवर. मला इथं नोकरी लागली होती, आणि तिची गाडी साताऱ्याला थांबायची तेवढ्या वेळात मी कधी कधी तिला भेटायला जात असे. ती भाकरी खात होती, उभ्यानं. मी एकदम म्हणाले, "आत्या, ते पत्र मी लिहिलं होतं."

"म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? दादाला ॲप्लिकेशन लिवायचं तर दोन दिस लागायचे. फादर म्हणाले, फार सुंदर पत्र हाय, इंग्लिश एकदम शाळेतलं. तवाच वळखलं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "लय राग आला हुता. आजून हाय. तुला काय वाटलं, गेला?" आणि मग, माझे डोळे भरलेले बघून तिला त्याचाही राग आला. "रडू नगं. एकदा लिवलंस, परत लिव. हात मोडलाय का तुझा?"

मी तेव्हाही लिहिलं नाही. उद्या, पुढच्या आठवड्यात, नोव्हेंबर तर लांब आहे. ऑगस्टमध्ये ती ड्युटीवरून घरी आली, पाय धुतले आणि दारातच कोसळली. तिच्या अंत्यविधीची मिस्सा चालू असताना पप्पा चर्चच्या फाटकाबाहेर छत्री धरून उभे राहिले. आत जागा होती.

या नोव्हेंबरच्या आधी मी सांगलीला गेले. पास्कलमामांनी चामडी पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली. तिनं लिहिलेल्या चिठ्ठ्या एकावर एक होत्या, प्रत्येकीवर पहिलं नाव तेच. सर्वांत वरच्या चिठ्ठीत शेवटी मी तिचं नाव घातलं आणि सोबत इंग्रजीत पत्र लिहिलं. आधीचं पत्र माझ्या हातचं होतं, पाळक यशवंत शमुवेल यांची नात म्हणून माझी हरकत नाही, त्यांचं नाव मुलीच्या विनंतीवरून वाचावं. या वेळी मऊ शब्द शोधले नाहीत, आणि सही माझी केली. फादर तेच होते. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुमच्या वडिलांचं काय?"

"त्यांची हरकत आहे," मी म्हणाले. "माझी नाही. मीही घरचीच आहे."

मग त्यांनी चिठ्ठी वेदीपुढच्या पेटीत स्वतः टाकली. दोन तारखेला नाव वाचलं गेलं, पाळक यशवंत शमुवेल, सातारा, आणि लोकांनी उत्तर दिलं. मी दिलं. माझा आवाज कुणाला ऐकू गेला नसेल. आजोबांना हे नको होतं, मला ठाऊक आहे. त्यांना हवं होतं त्याप्रमाणे या घरात पुष्कळ झालं. पप्पांना मी सांगितलेलं नाही. हे छापून आलं की कळेल.

आत्याला जिवंत शेवटचं पाहिलं ते त्याच मे महिन्यातल्या दुपारी. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तशी तिनं डबा गुंडाळून पिशवीत कोंबला आणि माझा निरोप न घेता गाडीकडे गेली. पायरीवर चढून, एका हातानं दांडा धरून, ती बोटानं डोकी मोजू लागली, ओठ हलवत. मागच्या सीटपर्यंत गेलं बोट, पुढं आलं, आणि दारातून बाहेर, मी फलाटावर उभी होते तिथं येऊन थांबलं. एक जास्त भरलं होतं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, माझ्याकडे रागानं बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.